सम्राट ज्युलियनची नाणी जमवायची तर

उत्तर रोमन काळातली नाणी ढिगाने मिळतात, त्यातली पुष्कळशी स्वस्त असतात आणि नवशिक्याला सगळी सारखीच दिसतात. एका बाजूला डोक्याला मोत्यांची पट्टी बांधलेला गुळगुळीत चेहऱ्याचा कोणी एक, दुसऱ्या बाजूला भाला घेतलेला सैनिक. कॉन्स्टंटाइन, त्याचे मुलगे आणि पुतणे नुसत्या चेहऱ्यावरून वेगळे ओळखणं जुन्या संग्राहकांनाही जमत नाही. म्हणून माझा सल्ला असा की ‘रोमन नाणी’ जमवायला बसू नका, एक माणूस धरा. मी ज्युलियन सुचवतो.

कारण साधं आहे. 6 नोव्हेंबर 355 ला तो सीझर, म्हणजे उपसम्राट झाला आणि 26 जून 363 ला पर्शियाच्या मोहिमेत जखमी होऊन मेला. मधली आठ वर्षंही पुरी भरत नाहीत. एवढ्या काळात त्याचं पद बदललं, धर्म उघड झाला आणि हनुवटीवर दाढी आली, आणि हे सगळं नाण्यांवर उतरलं. नाण्यांचे मुख्य प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. थोडी नजर बसली की नाणं हातात घेतल्याबरोबर ते कुठल्या दोन-तीन वर्षांतलं हे सांगता येतं. असा सम्राट दुसरा चटकन आठवत नाही.

आधी डोकं आणि हनुवटी पाहा

खरेदीआधी एवढी गोष्ट माहीत हवी. ज्युलियन हा ख्रिस्ती झालेला पहिला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याचा पुतण्या. 337 मध्ये कॉन्स्टंटाइन वारला आणि घराण्यात कत्तल झाली, तीत ज्युलियनचे वडील मारले गेले. पोर लहान म्हणून वाचलं. पुढे चुलतभाऊ कॉन्स्टँटियस दुसरा याने मिलानमध्ये त्याला सीझर केलं आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, लढायला पाठवलं. पुस्तकांत बुडालेल्या या तरुणाने 357 मध्ये स्ट्रासबुर्गजवळ अलेमानी टोळ्यांचा पराभव केला. 360 च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये सैन्याने त्याला ढालीवर उचलून ऑगस्टस, म्हणजे पूर्ण सम्राट म्हणून घोषित केलं. त्या वेळी मुकुटच जवळ नव्हता. बायकोचा दागिना बांधा, घोड्याच्या साजातलं काहीतरी बांधा अशा सूचना झाल्या आणि शेवटी एका निशाणबरदाराने आपल्या गळ्यातली हसळी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याच्या सैन्यात अधिकारी राहिलेला इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस याने हे लिहून ठेवलं आहे.

आता नाणं पाहा. डोकं उघडं, पट्टी नाही, दाढी नाही: सीझर, 355 ते 360. डोक्याला मोत्यांची पट्टी, पण दाढी नाही: गॉलमधला ऑगस्टस, 360–361. पट्टी किंवा शिरस्त्राण आणि खाली दाढी: कॉन्स्टँटियस 3 नोव्हेंबर 361 ला वारल्यानंतरचा एकटा सम्राट. नियम ढोबळ आहे, दाढीची लांबीही टांकसाळीगणिक बदलते, पण पहिल्या वर्षी एवढं पुरतं.

दाढी म्हणजे काही आळस नव्हता. कॉन्स्टंटाइनपासून सम्राट गुळगुळीत दाढी करत, ज्युलियनने मात्र जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांसारखी दाढी राखली आणि जुन्या देवांची पूजा उघडपणे सुरू केली. अँटिओक (आज तुर्कस्तानात) शहराच्या लोकांनी त्या दाढीची यथेच्छ टिंगल केली. त्याने शिक्षा देण्याऐवजी ‘दाढीद्वेष्टा’ नावाचं स्वतःचीच खिल्ली उडवणारं पुस्तक लिहिलं. हे कळलं की नाण्यावरची ती रेघ नुसती केसांची राहत नाही.

मग अक्षरं

लॅटिन येत नसलं तरी अडत नाही, पंधरा-वीस अक्षरगट ओळखता आले की झालं. मात्र रोमन लिपीत ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो हे लक्षात ठेवा. नाव ‘आय-व्ही-एल-आय-ए-एन-व्ही-एस’ असं दिसेल. शेवटी ‘एन-ओ-बी’ आणि पुढे ‘सी’ किंवा ‘सी-ए-ई-एस’ असेल तर तो सीझर. शेवटी ‘ए-व्ही-जी’ असेल तर ऑगस्टस. त्याआधी बहुतेक ठिकाणी ‘पी-एफ’ येतं, गॉलमधल्या काही नाण्यांवर ‘पी-पी’ येतं.

इथे दोन सापळे आहेत. पहिला त्याचा सावत्र भाऊ गॅलस. तोही आधी सीझर होता (351–354), त्याचंही डोकं उघडं आणि मागे तेच चित्र. फरक फक्त नावात, गॅलसच्या नाण्यावर ‘कॉन्स्टँटियस’ असं असतं. दुसरा सापळा ज्युलियननंतर लगेच आलेला जोव्हियन. ‘आय-ओ-व्ही-आय-ए-एन-व्ही-एस’ आणि आपलं ‘आय-व्ही-एल-आय-ए-एन-व्ही-एस’ यांत झिजलेल्या नाण्यावर काय फरक उरतो ते तुम्हीच बघा. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं स्पष्ट नसतील तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. शिवाय ज्युलियन नावाचे आणखीही रोमन होऊन गेले: 193 मधला दिदियस ज्युलियानस आणि 284–285 मधला पॅनोनियाचा बंडखोर. म्हणूनच याद्यांमध्ये आपल्या माणसाला ‘ज्युलियन दुसरा’ म्हणतात.

काट्याच्या बाजूला सर्वात खाली, आडव्या रेघेखाली, टांकसाळीचं चिन्ह असतं. या छंदातली खरी गंमत मला तिथे वाटते. ‘एल-व्ही-जी’ म्हणजे ल्योन, ‘टी-आर’ ट्रिअर, ‘ए-क्यू-व्ही-आय-एल’ अक्विलेया, ‘एस-आय-एस’ सिस्किया (आजचं क्रोएशियातलं सिसाक), ‘एस-आय-आर-एम’ सर्मियम (आज सर्बियात), ‘एन-आय-के’ निकोमीडिया, ‘सी-व्ही-झेड’ सिझिकस, ‘ए-एन-टी’ अँटिओक, ‘ए-एल-ई’ अलेक्झांड्रिया. पुढे किंवा मागे जोडलेलं एखादं अक्षर म्हणजे टांकसाळीतला विभाग. पश्चिमेत लॅटिन पी, एस, टी. पूर्वेत ग्रीक अल्फा, बीटा, गॅमा.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते ‘सी-ओ-एन’ वर. फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव 353 मध्ये कॉन्स्टँटिया झालं, त्यामुळे तिथलं चिन्हही ‘कॉन’ किंवा ‘कॉन्स्ट’. विभागाचं लॅटिन अक्षर आधी असेल, जसं ‘पी-सी-ओ-एन’, तर ते आर्ल. ‘सी-ओ-एन-एस-पी’ आणि शेवटी ग्रीक अक्षर असेल तर ते कॉन्स्टँटिनोपल. विक्रेतेही हे सर्रास उलटसुलट लिहितात, आणि आर्लचं दुर्मीळ नाणं कधीकधी त्यामुळेच स्वस्तात पदरात पडतं.

पहिलं नाणं: सीझरचं छोटं तांबडं

त्या काळच्या ब्राँझ नाण्यांना आज व्यासावरून क्रमांक देतात: 25 मिलिमीटरहून मोठं ते एई-1 (‘एई’ म्हणजे ब्राँझ), मग एई-2, एई-3, आणि 17 पेक्षा लहान ते एई-4. सुरुवात खालच्या टोकापासून करा.

सीझर असतानाची दोन नाणी सहज मिळतात. एकावर सैनिक घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय, भोवती ‘फेल टेम्प रेपारात्सिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. हे चित्र 348 पासून चालत आलेलं, ज्युलियनच्या वेळेपर्यंत नाणं आक्रसून दोन-अडीच ग्रॅमवर आलं होतं. दुसरं त्याहून लहान, 358 च्या आसपास सुरू झालेलं: शिरस्त्राण घातलेला सम्राट उभा, हातात गोल आणि भाला, ‘स्पेस रेइपुब्लिके’, राज्याची आशा. दोन्ही प्रकार कॉन्स्टँटियसच्या नावानेही प्रचंड पाडले गेले. ज्युलियनचे त्या मानाने कमी, पण दुर्मीळ नाहीत.

विकत घेताना देखणेपणाच्या मागे लागू नका. चेहरा सुरेख पण टांकसाळीचं चिन्ह नाण्याच्या कडेबाहेर गेलेलं, असं नाणं शिकायला निरुपयोगी. चेहरा जेमतेम पण चिन्ह, नाव आणि पद तिन्ही वाचता येतं असं घ्या. पुढे सुंदर मिळालं की हे दुसऱ्या नवशिक्याला द्या.

दुसरं: शिरस्त्राण आणि माळ

हे माझं सर्वात आवडतं. साधारण तीन ग्रॅमचं, 19–20 मिलिमीटरचं. छाप्याला दाढीवाला ज्युलियन डावीकडे तोंड करून, डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला आणि ढाल. त्या काळच्या कंटाळवाण्या मुखवट्यांत हे चित्र एकदम जिवंत वाटतं. काट्याला पानांची माळ आणि आत चार ओळींत ‘वोट – दहा – मुल्ट – वीस’. दहा वर्षांसाठी नवस बोलले आहेत, वीस वर्षांसाठी आणखी बोलू, असा अर्थ. सीझरपदापासून मोजली तरी त्याची दहा वर्षं भरली नाहीत.

हा प्रकार बऱ्याच टांकसाळींत पाडला गेला, किंमत आवाक्यात असते आणि एकाच प्रकाराची वेगवेगळ्या शहरांची नाणी शेजारी ठेवली की हात बदलल्याचं दिसतं: कुठे दाढी टोकदार, कुठे नाक मोठं. पाच-सहा शहरं जमली तरी छान संच होतो. बऱ्याच जणांनी इथेच थांबावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चांदी: सिलिक्वा

चांदीच्या नाण्याला आज सिलिक्वा म्हणतात. आधी ते तीन ग्रॅमच्या आसपास होतं, 350 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते हलकं करून दोन ग्रॅमच्या घरात आणलं. ज्युलियनच्या बहुतेक सिलिक्वा या हलक्या वजनाच्या. चांदी चांगल्या कसाची, पत्रा पातळ.

ठरावीक प्रकार दोन. ‘वोटिस पाच मुल्टिस दहा’ हा सीझरपदाच्या पाच वर्षांशी निगडित. 6 नोव्हेंबर 360 च्या सुमारास त्याने फ्रान्समधल्या व्हिएन शहरात तो सोहळा केला, आणि या खेपेला डोक्यावर रत्नजडित पट्टी होती, हसळी नव्हे. ‘वोट दहा मुल्ट वीस’ हा नंतरचा, दाढीचा. तिसरा थोडा कमी दिसणारा, पण घेण्याजोगा प्रकार ल्योनचा: विजयदेवी चालते आहे आणि लेखात ‘डीडी एनएन’. अक्षरं दुहेरी, म्हणजे ‘आमचे दोघे स्वामी’. ज्युलियन अजूनही कॉन्स्टँटियसशी तडजोड होईल या आशेवर होता, याचा हा चांदीतला पुरावा.

सिलिक्वा घेताना कडा पाहा. ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या बऱ्याच नाण्यांच्या कडा कातरलेल्या असतात. लोक चांदी कापून घ्यायचे, पण सम्राटाचा चेहरा सहसा शाबूत ठेवायचे. 1992 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी हरवलेला हातोडा शोधताना जो ठेवा सापडला त्यात 14 हजारांवर चांदीची नाणी होती, बरीचशी अशीच कातरलेली. तो ठेवा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कातरलेलं नाणं स्वस्त असतं, पण कातरल्याने ते खोटं ठरत नाही, त्याला स्वतःचा इतिहास आहे. नवशिक्याने चांदीची सुरुवात तिथून करायला हरकत नाही. फक्त ते कातरलेलं आहे असं वर्णनात लिहिलेलं असावं आणि किंमत तशी असावी. लेखाची अर्धी अक्षरं गेलेली असतील तर पूर्ण नाण्याचे पैसे कशाला द्यायचे?

दुसरी काळजी ठिसूळपणाची. जमिनीत सोळाशे वर्षं राहिलेली चांदी आतून काचेसारखी होते आणि फरशीवर पडली की तुकडे होतात. गादीवर किंवा टॉवेल अंथरून हाताळा, कडेने धरा, वाकवून पाहण्याचा तर विचारही नको.

बैल

ज्युलियनच्या नावाबरोबर लोकांना आठवतो तो बैलच. एई-1, आठ-नऊ ग्रॅमचं, 26 ते 30 मिलिमीटरचं जाड नाणं. उभा धष्टपुष्ट बैल, वर दोन तारे, भोवती ‘सेक्युरितास रेइपुब’. आर्लच्या नाण्यावर बैलापुढे माळेवर बसलेला गरुडही असतो.

हा बैल कशासाठी, यावर तेव्हापासून वाद आहे. अँटिओकचे ख्रिस्ती म्हणत की यज्ञात बैल कापून कापून याने जग उजाड केलं, तेच नाण्यावर काढलंय. कोणी इजिप्तचा पवित्र अपिस बैल सांगतं. ज्युलियनच्याच कारकिर्दीत नवा अपिस सापडल्याची बातमी त्याला पोचली होती. कोणी दोन ताऱ्यांवरून वृषभ रास म्हणतं. मला अपिसची बाजू थोडी लंगडी वाटते, कारण अपिसच्या अंगावर असायला हवीत ती खास चिन्हं या बैलावर दिसत नाहीत. तुम्ही स्वतः पाहून ठरवा.

हे नाणं छोट्या ब्राँझच्या कित्येक पट महाग पडतं आणि नेमकं यातच जास्त छेडछाड होते. झिजलेल्या बैलाचे केस, डोळा, बरगड्या सुईने पुन्हा कोरतात, पार्श्वभूमी खरवडून गुळगुळीत करतात. भिंगाखाली रेषा टोकदार आणि एकसारख्या दिसल्या, किंवा बैल नव्यासारखा आणि सम्राटाचा चेहरा मात्र झिजलेला असं असलं, तर हात आखडता घ्या. बैल सर्वात शेवटी घ्या, शक्यतो अनुभवी माणसाला दाखवून.

जाता जाता: अँटिओकची छोटी, सम्राटाचं नाव नसलेली देवदेवतांची ब्राँझ नाणी अजूनही काही ठिकाणी ज्युलियनच्या नावावर विकली जातात. अभ्यासक आता ती मॅक्सिमिनस दुसरा याच्या काळातली, पन्नास वर्षं आधीची मानतात. नाणी छान आहेत, पण आपल्या संचात बसत नाहीत.

साधनं आणि खरेदी

दहापट भिंग, शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मिलिमीटर मोजायचा व्हर्नियर. एवढं घेतलं की वजन आणि व्यास तुम्हीच तपासू शकता. नाणं ओळखायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ओक्रे’ (ओ-सी-आर-ई) हा विनामूल्य ऑनलाइन संग्रह पुरेसा आहे. तिथे टांकसाळ आणि लेखावरून शोध घेता येतो. याद्यांत दिसणारा ‘आरआयसी आठ’ हा क्रमांक म्हणजे रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या प्रमाण सूचीचा आठवा खंड, 337 ते 364 च्या नाण्यांचा.

ओतीव नकली नाण्याच्या कडेवर साच्याची शिवण असते, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, अक्षरं साबणासारखी मऊ. ठशाने ठोकलेली नकली नाणी जास्त फसवी असतात. तिथे उपाय एकच, त्याच प्रकारची लिलावातली छायाचित्रं शोधा: तोच ओरखडा, तीच तिरपी चिर दुसऱ्या नाण्यावरही दिसली तर दोन्ही एकाच नकली ठशातून निघालेली असू शकतात. मातकट वाळूचा थर दिसला तर नखाने नव्हे, पण डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पाहा. चिकटवलेला असेल तर तो सुटतो.

लिलावात हातोडी पडते त्या किमतीवर साधारण 20 टक्के कमिशन, टपाल आणि भारतात मागवलं तर सीमाशुल्क लागतं. बोली लावायच्या आधी बेरीज करा. सुरुवातीला परतीची हमी देणारा, स्वतःच्या नावाने व्यापार करणारा विक्रेताच बरा. ‘न धुतलेल्या रोमन नाण्यांची पिशवी’ हा प्रकार मी टाळायला सांगेन. त्यात ज्युलियन लागणं नशिबावर असतं, आणि ती नाणी कुठल्या शेतातून कशी उकरली गेली हे कोणी सांगत नाही.

कायदा

भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ती बाळगता येते, पण खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे लंडनला शिकणाऱ्या भाच्याने आणलेलं नाणं पुढच्या वर्षी त्याच्याकडेच परत पाठवू, असं गृहीत धरू नका. पावती, पाकीट आणि सीमाशुल्काचा कागद जपा.

तमिळनाडूत करूर, मदुराई या भागांत आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी खरोखरच सापडतात. अम्मियानुस सांगतो की ज्युलियनच्या दरबारी भारताकडून, थेट सरंदीबपर्यंतच्या (म्हणजे श्रीलंकेपर्यंतच्या) मुलखातून, भेटी घेऊन वकील आले होते. त्यामुळे ‘नदीपात्रात मिळालं’ असं सांगणारा विक्रेता खोटंच बोलतोय असं नाही. पण मग प्रश्न वेगळा: जमिनीतून निघालेला ठेवा सरकारला कळवावा लागतो, 1878 पासूनचा कायदा आहे. असं नाणं घेऊ नका. नाणकशास्त्राचं रीतसर शिक्षण हवं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

घरी आणल्यावर

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही नाही. ब्राँझवरचा हिरवा-तपकिरी थर हीच नाण्याची कातडी, तो गेला की अक्षरंही जातात. काळवंडलेली चांदीही तशीच छान दिसते.

मात्र फिकट हिरवी, बोटाला पिठासारखी लागणारी भुकटी दिसली तर तो रोग आहे. क्षार, ओल आणि हवा यांनी तो पसरतो आणि नाणं पोखरतो. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा, डिस्टिल्ड पाण्यात काही आठवडे ठेवून पाणी बदलत राहा, मग नीट वाळवा. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात हा धोका दुप्पट. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर ते दर पंधरवड्याला तापवून पुन्हा वापरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका, त्यांतून हिरवट चिकटा सुटतो. मायलारची पाकिटं किंवा आम्ल नसलेल्या कागदाची घ्या.

प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी: वजन, व्यास, टांकसाळ, विभाग, सूचीतला क्रमांक, कोणाकडून, कधी, कितीला. आधीच्या संग्राहकाची जुनी चिठ्ठी असेल तर ती टाकू नका, तीही तुमच्या चिठ्ठीबरोबर ठेवा. पाकिटं सीझर, गॉलमधला ऑगस्टस, एकटा सम्राट या क्रमाने लावा. मधला, दाढी नसलेल्या ऑगस्टसचा खण बहुतेकांचा बराच काळ रिकामा राहतो. तो आर्ल किंवा ल्योनच्या सिलिक्वाने भरतो, तेव्हा आधी पैसे वाचवा.